म्हैस फुकट, ढेप महाग: एका घरातल्या प्रिंटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं एक गाव. नावं गाळली आहेत. आकडे मात्र बिलांवरून आणि प्रिंटरच्या पोटातल्या काउंटरवरून घेतलेत. घरात चार माणसं. मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सर ज्युनिअर कॉलेजात, मुलगी आठवीत. चौथे आप्पा, म्हणजे मॅडमचे सासरे. त्यांचा निम्मा दिवस केळीच्या बागेत जातो आणि निम्मा ओट्यावर. माझं चोपड्यात कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

जून २०२२ मध्ये मॅडमकडे पाचवीचा वर्ग आला. तेव्हा पाचवी म्हटली की शिष्यवृत्ती परीक्षा. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, आणि डिसेंबरपासून सराव संचांचा मारा. गावात झेरॉक्सचं दुकान नाही, चोपडा ११ किलोमीटर. त्यात शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला निरोप पडतो: ‘सोबतचा तक्ता भरून उद्या सकाळी ११ पर्यंत जमा करावा.’ रात्री दहाला कोणता झेरॉक्सवाला उठणार? घरी प्रिंटर हवा, हे मॅडमचं म्हणणं रास्तच होतं.

जळगावच्या एका दुकानातून ४,३०० रुपयांचा इंकजेट आला. छपाई, स्कॅन, झेरॉक्स, रंगीत, सगळं एकात. दुकानदाराने वॉरंटी सांगितली, वायफाय कसं जोडायचं ते दाखवलं. शाईचा भाव त्याने सांगितला नाही आणि यांनीही विचारला नाही. या प्रकरणातला पहिला निर्णय तोच, आणि निर्णय होतोय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

अडचण

सोबत आलेली शाईची कार्ट्रिजं ऑगस्टमध्येच संपली. नव्या प्रिंटरबरोबर बऱ्याचदा कमी भरलेली कार्ट्रिजं येतात, हे खोक्यावर असलंच तर बारीक अक्षरात असतं. नवीन काळं कार्ट्रिज ६९० रुपये, रंगीत ९२०. दोन्ही मिळून १,६१०. आप्पांनी बिल हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “म्हैस फुकटमा भेटनी, पन ढेपना पैसा कोन देई?”

ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, हा हिशेब ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्यांना लगेच कळेल. इतरांसाठी एवढंच सांगतो की कंपनी यंत्र स्वस्तात देते आणि नफा शाईतून काढते. अशा लहान कार्ट्रिजमध्ये शाई असते औषधाच्या चमच्याएवढी. पाच मिलीलिटर धरली तरी ६९० रुपयांच्या हिशेबाने लिटरमागे १ लाख ३८ हजार होतात. कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. या प्रकारात शाई फवारणारं हेड कार्ट्रिजमध्येच बसवलेलं असतं, त्यामुळे दर वेळी शाईबरोबर नवं हेडही विकत येतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जानेवारी २०२३ मध्ये, सराव संचांच्या ऐन गर्दीत, सरांनी ऑनलाइन २४९ रुपयांचं रिफिल किट मागवलं. सिरिंज, सुया, चार बाटल्या. काळं कार्ट्रिज एकदा नीट भरलं गेलं. दुसऱ्यांदा जास्त भरलं आणि शाई खालून ठिबकली. रंगीतमध्ये सुई भलत्याच कप्प्यात गेली. पुढचे काही दिवस त्या घरात पिवळा रंग हिरवा छापला जात होता आणि सरांची बोटं बैलपोळ्याच्या बैलासारखी रंगलेली होती. किट माळ्यावर गेलं.

मग आला मे. शाळेला सुट्टी, मॅडम माहेरी धुळ्याला, प्रिंटर बंद. एप्रिलच्या शेवटी टाकलेल्या नव्या काळ्या कार्ट्रिजमधून जेमतेम २० पानं निघाली होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, आणि प्रिंटर होता पत्र्याच्या खोलीत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पान कोरं. क्लीनिंग केलं, पुसट रेघा. आणखी दोनदा केलं, तर रंगीतची उरलीसुरली शाईही गेली. दोन्ही कार्ट्रिजं, १,६१० रुपयांची, निकामी झाली.

ऑगस्टमध्ये मॅडम दुकानात आल्या. प्रिंटर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, हा विका. मिळतील तेवढे घ्या आणि चांगला टँकवाला द्या.”

शाई गेली कुठे

प्रिंटरचं स्टेटस पान काढलं. त्यावर एकूण छापलेल्या पानांचा आकडा येतो. यांचा होता ९६२. मॅडमनी पाकिटात जपलेली बिलं मोजली. १४ महिन्यांत ९ काळी आणि ४ रंगीत कार्ट्रिजं, एकूण ९,८९० रुपये. म्हणजे पानामागे १० रुपये २८ पैसे, नुसती शाई. चोपड्यात कॉम्प्युटरवरून काळी प्रिंट पाच रुपयांत निघते. मॅडम क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे दुकानापेक्षा दुप्पट?”

खोक्यावर काळ्या कार्ट्रिजची क्षमता १२० पानं लिहिली होती. कंपनी खोटं लिहीत नाही. हा आकडा आयएसओ २४७११ या प्रमाणानुसार येतो, म्हणजे ठरलेली चाचणी-पानं सलग छापून काढलेला. व्यवहारात ढोबळमानाने पानाच्या पाच टक्के भागावर शाई असं धरतात, म्हणजे साधं टाइप केलेलं पत्र. यांच्याकडे साधं पत्र कधी छापलंच जात नव्हतं.

छापलं काय जात होतं ते मी पाहिलं. दुसऱ्या शाळेतल्या कुणीतरी प्रश्नपत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढायचा, तो व्हॉट्सॲपवर फिरायचा, मॅडम तो जसाच्या तसा छापायच्या. फोटोतला कागद पांढरा नसतो. तो करडा असतो, एका कोपऱ्यात हाताची सावली, कडेला टेबलाचं लाकूड. प्रिंटरला ती सावली ‘चित्र’ वाटते आणि तो ती इमानेइतबारे रंगवतो, तीही तिन्ही रंग मिसळून. एक पान मी उजेडात धरलं. अक्षरांवर पाच टक्केही शाई नसेल, सावलीवर त्याच्या कितीतरी पट. रंगीत कार्ट्रिजं काळ्या प्रश्नपत्रिकांत कशी संपत होती, ते तिथे उलगडलं.

दुसरं कारण भिंतीवर होतं. काम झालं की बोर्डावरचं बटण बंद करायचं, ही आपल्या घरांतली चांगली सवय. इंकजेटला मात्र ती मारक. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड कोपऱ्यातल्या रबरी टोपीत जाऊन बसतं आणि शाई वाळत नाही. बोर्डावरून वीज तोडली की हेड कधीकधी वाटेतच उघडं राहतं. शिवाय दर वेळी नव्याने चालू होताना प्रिंटर स्वतःला साफ करतो आणि त्या सफाईची शाई आतल्या स्पंजात जिरते. लोडशेडिंगमध्ये वीज जाते तेव्हाही हेच होतं, त्याला मॅडम काय करणार? पण रोज रात्री त्या स्वतःच्या हाताने लोडशेडिंग करत होत्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, हाच ठेवायचा आणि सवयी बदलायच्या. खर्च शून्य. तो आधी करून बघा, असं मी म्हटलं, पण खरं सांगायचं तर अर्ध्या मनाने.

दुसरा, कार्ट्रिज बाहेरून भरून घेणं किंवा दुसऱ्या कंपनीचं जुळणारं कार्ट्रिज. स्वस्त पडतं. पण या कार्ट्रिजचं हेड उष्णतेने शाई उडवतं. शाई संपली असताना छापत राहिलं की हेड कोरडंच तापतं आणि जळतं, मग भरूनही उपयोग नाही. काही कंपन्यांचे प्रिंटर चिप तपासून परकं कार्ट्रिज नाकारतात, तेही सॉफ्टवेअर अपडेटनंतर अचानक. सरांच्या रंगलेल्या बोटांनंतर या पर्यायावर कुणी फार बोललं नाही.

तिसरा, इंक टँक, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीने शाई भरायच्या टाक्या असलेला प्रिंटर. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात हा प्रकार आणला, नंतर बाकीच्याही कंपन्या त्यात उतरल्या. यंत्र महाग, शाई स्वस्त, म्हणजे आप्पांच्या भाषेत म्हैस दाम मोजून घ्यायची आणि ढेप घरची. एप्सनच्या ००३ या काळ्या शाईच्या ६५ मिलीलिटरच्या बाटलीत सुमारे ४,५०० पानं निघतात असं कंपनी सांगते. पानामागे पैशांतला हिशेब. आम्ही धरलेला यंत्राचा भाव १२,५०० रुपये.

चौथा, काळा लेझर. नवीन घ्यायचा तर टँकच्याच आसपास किंवा वर. जुन्या बाजारात कॅननचा एलबीपी २९०० पाच-सहा हजारांत मिळतो. गावोगावच्या झेरॉक्सवाल्यांकडे आणि सेतू केंद्रांत तुम्ही तो पाहिला असेल, नाव माहीत नसेल इतकंच. ३०३ नंबरचं टोनर (शाईऐवजी पावडर असलेलं कार्ट्रिज), २,००० पानांचं, आणि त्यात पावडर भरून देणारे तालुक्याच्या प्रत्येक गावी. रंग नाही, स्कॅन नाही, वायफाय नाही.

पाचवा, प्रिंटरच नको, चोपड्याला चकरा. भाव पाच रुपये. एक प्रत छापून बाकीच्या झेरॉक्स काढल्या तर त्याहून कमी. रात्री दहाचा निरोप आणि पेट्रोल, एवढ्या दोन गोष्टींनी तो मोडीत निघाला.

माझी चूक, आणि ती कशी सापडली

मी टँक सुचवला. मॅडमना तोच हवा होता, सरांनी यूट्यूबवर तोच पाहिला होता, आणि तो विकला की माझंही कमिशन सुटतं, हेही लिहून टाकतो. ‘कार्ट्रिज परवडत नाही ना? टँक घ्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की तोंडातून आपोआप निघतं.

थांबलो ते आप्पांच्या प्रश्नावर. ते सोबत आले होते, माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारलं, “सुट्टीत हा पण वाळेल का?”

मी माझी दुरुस्तीची वही उघडली. दर वर्षी शाळा उघडल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, टँकवाले प्रिंटर माझ्याकडे रांगेने येतात. तक्रार एकच: ‘रेघा येतात’, ‘काळा येत नाही’. त्यात निम्म्याहून जास्त शिक्षकांचे. वही माझ्याच अक्षरातली, पण त्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या.

इथे हेडचा मुद्दा येतो. कार्ट्रिजवाल्या प्रिंटरमध्ये हेड वाळलं तर ६९० रुपये गेले, कार्ट्रिज बदललं की यंत्र पुन्हा ताजं. बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये हेड यंत्रातच कायमचं बसवलेलं असतं. ते वाळलं आणि सफाईने सुटलं नाही, तर बिल हजारांत जातं. जोरदार सफाई पुन्हा पुन्हा केली की वाया गेलेली शाई शोषणारं पॅड भरतं, ते आणखी वेगळं दुखणं.

म्हणजे वर्षाला किती पानं, हा प्रश्न अर्धाच होता. यांची वर्षाची पानं साधारण ८२५. ती कशी पडतात ते महत्त्वाचं. डिसेंबर ते फेब्रुवारी धो धो, दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे शून्य, मे ते मध्य जून सहा आठवडे शून्य, तेही पत्र्याखाली ४५ अंशात. जी शाई ओली असते ती वाळणारच. लेझरमध्ये वाळायला काही नाही, ती कोरडी पावडर आहे. सहा महिने पडून राहिली तरी तिचं काही जात नाही.

चार वर्षांचा, म्हणजे ३,३०० पानांचा हिशेब त्याच टेबलावर मांडला. आहे तो प्रिंटर आहे त्या सवयींसह: जवळपास ३४ हजार. दुकानात प्रिंट: १६,५००, पेट्रोल सोडून. टँक: यंत्र आणि शाई धरून साडेचौदा हजार, हेड टिकलं तर. जुना लेझर: यंत्र, दोनदा पावडर, एकदा ड्रम (पावडर कागदावर उमटवणारा रूळ), मिळून ७,१०० च्या आसपास.

मॅडमची हरकत रंगावर होती. वर्गात तक्ते लागतात, चित्रं लागतात. मग मोजलं, की खरोखर रंगीतच हवी होती अशी पानं १४ महिन्यांत किती? त्यांनी आठवून आठवून सांगितलेला आकडा पन्नासच्या आत राहिला. चोपड्यात रंगीत प्रिंट दहा रुपयांना मिळते.

काय केलं

लगेच काही विकत घ्यायचं नाही, असं ठरलं. आधी एक नवं काळं कार्ट्रिज टाकायचं आणि ते सगळ्या सवयी बदलून वापरायचं. फोटो आला की मोबाइलवरच्या स्कॅनिंग ॲपमध्ये घेऊन काळा-पांढरा करायचा, सावली गेली पाहिजे. छपाई ड्राफ्टवर (कमी शाईत) आणि ग्रेस्केलमध्ये (बिनरंगाची). बंद करायचा तो प्रिंटरच्या बटणाने. बोर्डावरच्या बटणावर मुलीने चिकटपट्टी लावली आणि त्यावर ‘हात लावू नये’ लिहिलं, शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं.

त्या कार्ट्रिजने १४१ पानं दिली. पानामागे ४ रुपये ८९ पैसे. खर्च निम्म्यावर आला. पण सगळं शहाण्यासारखं करूनही भाव गेला झेरॉक्सवाल्याच्या बरोबरीला, त्याखाली नाही. आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ५,८०० रुपयांना जुना लेझर घेतला. घेताना तीन गोष्टी पाहिल्या. काळं भरीव पान छापून ड्रमवर ओरखडे आहेत का, सलग वीस पानं ओढून कागद अडकतो का, आणि कोरं पान काढून मागे पावडर सांडते का. सरांच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकून दिला.

सांगायला एक विसरलो आणि तिसऱ्याच दिवशी सरांचा फोन आला. रात्री वीज गेली, घर इन्व्हर्टरवर होतं, मॅडमनी प्रिंट दिली. इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि घर अंधारात. लेझरमध्ये पावडर कागदावर वितळवणारा फ्यूजर साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो, आणि तापताना क्षणभर वीज मोठा घोट घेते. घरच्या लहान इन्व्हर्टरला तो घोट झेपत नाही. प्रिंटर इन्व्हर्टरची लाइन नसलेल्या बोर्डावर हलवला. म्हणजे ‘रात्री वीज नसताना प्रिंट’ ही सोय गेली, आणि ती अजूनही नाही.

तेरा महिन्यांनी

ऑक्टोबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या काळात १,३४० पानं निघाली. यंत्र ५,८००, एकदा पावडर २८०, बाहेरून काढलेली ४६ रंगीत पानं ४६०. एकूण ६,५४०. आधीच्या १४ महिन्यांत नुसती शाईच ९,८९० ची होती. मे महिना आला तसा गेला. जूनमध्ये पहिलं पान काळंभोर निघालं, तेव्हा मॅडमनी त्याचा फोटो मला पाठवला.

पानं मात्र वाढली, हे नजरेतून सुटू नये. शाई महाग होती तेव्हा मॅडम फळ्यावर लिहून भागवत होत्या. आता प्रत्येक मुलाला प्रत्येक संच मिळतो, आणि मुलीच्या मैत्रिणींचे प्रोजेक्टही इथेच छापले जातात. कागदाचे गठ्ठे दुपटीने येतात. वर्गाला मिळालं ते चांगलंच झालं, पण ‘खर्च वाचला’ म्हणताना कागदाचा खर्च या आकड्यांत मी धरलेला नाही.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन-दोन कागद एकदम ओढले जायचे. रीम उघडी न ठेवता डब्यात ठेवायला लागल्यावर ते कमी झालं. मोबाइलवरून थेट प्रिंट देता येत नाही, ही मॅडमची कायमची कुरकुर आहे. त्यांचं सगळं काम मोबाइलवर, आणि सर लॅपटॉप घेऊन कॉलेजला गेले की दुपारी प्रिंटर नुसता शोभेला.

जुना इंकजेट विकला नाही. कार्ट्रिज रिकामं असलं तरी त्याचा स्कॅनर चालतो (सगळ्या मॉडेलचा चालत नाही), म्हणून तो स्कॅनर म्हणून बसून आहे. रिकामी कार्ट्रिजं मॅडमनी बुंदीच्या लाडवांच्या डब्यात साठवली आहेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिजं दोन्ही येतात, त्यामुळे ती घंटागाडीत टाकायची नाहीत, एवढं मी सांगितलं आहे. डबा अजून त्यांच्याकडेच आहे.

काय वेगळं करता आलं असतं

जून २०२२ मध्ये दुकानात दोन प्रश्न विचारायला हवे होते: कार्ट्रिज कितीचं आणि त्यात पानं किती. ६९० भागिले १२०. पावणेसहा रुपये हा आकडा तेव्हाच कळला असता, आणि झेरॉक्सच्या पाच रुपयांशी ताडून पाहता आला असता.

मी काउंटरचं पान आधी काढायला हवं होतं आणि सल्ला नंतर द्यायला हवा होता. आप्पा सोबत आले नसते तर त्या दिवशी टँक गेलाच असता, आणि बहुधा जूनमध्ये माझ्याच वहीत परत आला असता.

टँक वाईट, असा अर्थ यातून काढू नका. रोज थोडंथोडं आणि रंगीत छापणारं घर असेल, तर मी आजही टँकच देईन. गेल्याच महिन्यात शिवणकामाचे नमुने छापणाऱ्या एका ताईंना दिला. त्यांचा प्रिंटर एक दिवस बंद नसतो.

जुन्या यंत्राऐवजी वायफायवाला नवा लेझर घ्यायला हवा होता का, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते मोबाइलवरून प्रिंट निघण्यासाठी आठ-नऊ हजार जास्त देणं परवडलं असतं. माझ्या मते सरांचा जुना, धूळ खात पडलेला डेस्कटॉप प्रिंटरशेजारी ठेवला की काम भागेल. तो डेस्कटॉप परवा माझ्याकडे आला आहे, हार्ड डिस्क बदलायला.

आणि कालच्या प्रिंटमध्ये डाव्या कडेला एक बारीक पांढरी रेघ दिसते आहे. पावडर संपत आली असेल किंवा ड्रम. टोनर काढून, आडवं हलवून पुन्हा बसवायला सांगितलं आहे. रेघ गेली तर पावडर, राहिली तर ड्रम.